अकराव्या मजल्यावरचा माड

लोकांच्या दिवाणखान्यात मनी प्लांट असतो. फारच हौस असेल तर कोपऱ्यात अरेका पाम, आणि पाहुणे यायच्या आधी त्याच्या पानांवरची धूळ घाईघाईने पुसलेली. आमच्या शेजारच्या चीफकाकांच्या दिवाणखान्यात मात्र माड होता. हो, माडच. नारळाचा. सिंगापुरात, वुडलँड्सच्या सरकारी ब्लॉकमध्ये, अकराव्या मजल्यावर, सोफा आणि टीव्हीच्या मधे. पहिल्यांदा बघणारा आधी हसायचा, मग काकांच्या चेहऱ्याकडे बघून हसणं गिळायचा.

काकांचं आडनाव पाटणकर, पण इथली सगळी मराठी मंडळी त्यांना चीफच म्हणत. उभा जन्म त्यांनी जहाजांवर इंजिनं सांभाळली, त्यातली बरीच वर्षं चीफ इंजिनियर म्हणून. उंची बेताची, मान आखूड, आणि पंजे एवढे मोठे की चहाचा कप त्यांत दिसायचाच नाही. बोलणं तुटक. ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’. आणि तेही ओरडून. इंजिनरूममध्ये आयुष्य गेलेला माणूस हळू बोलायला कुठून शिकणार? आमच्या घरी आले की शिरीष, म्हणजे माझा नवरा, टीव्हीचा आवाज वाढवायचा. मी डोळे वटारायची.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र ते हळू बोलत. माडाच्या आजूबाजूला तर कुजबुजतच. याचं कारण सांगायचं तर आधी वसुधाकाकूंबद्दल सांगायला हवं.

काकू म्हणजे आमच्या मजल्याचा आवाज. काका वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, आणि ह्या बाई इथे एकट्या. पण एकटं राहिलेल्या माणसासारख्या कधी वागल्या नाहीत. समोरच्या टॅनच्या बायकोला थालीपीठ शिकवलं, तिच्याकडून मुळ्याचा केक शिकल्या. मी तांजोंग पगारच्या ऑफिसातून ट्रेनच्या गर्दीत चेपून घरी आले की दार उघडून उभ्या. ‘ये गं, जीव गेलाय नुसता चेहऱ्यावरचा. कॉफी टाकलीय.’ दर शुक्रवारी सकाळी देवासमोर कलश मांडायच्या: तांब्या, त्यात पाणी, विड्याची पानं, वर शेंडीचा नारळ, नारळाला हळदकुंकू. पुढच्या शुक्रवारी तो नारळ काढून नवा ठेवायचा, आणि जुन्याची खोबऱ्याची चटणी आमच्या घरी.

अशाच एका शुक्रवारी त्यांनी कलश मांडला, आणि दुपारपर्यंत हॉस्पिटलात गेल्या, संध्याकाळपर्यंत जगातून गेल्या. हृदय बंद पडलं. सार्सची साथ आली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट.

काका तेव्हा ब्राझीलहून निघालेल्या जहाजावर होते, भर समुद्रात. जहाज काही रिक्षा नाही, वळव म्हटलं की वळवायला. पुढचं बंदर येईपर्यंत इथलं सगळं होऊन गेलं. मुलगी ऑस्ट्रेलियातून आली, तिनेच सगळं केलं. काका दारात उभे राहिले तेव्हा दिवसकार्यही उरकलेलं होतं. त्यांना बघायला शिल्लक होतं ते काय? भिंतीवर एक फोटो, त्याला हार. मला आजही त्यांचं ते उभं राहणं दिसतं. बॅग हातात तशीच. कुठे ठेवायची ते जणू विसरले होते.

आता ह्यात एक गोष्ट झाली होती. सुतकात देवाला हात लावायचा नाही म्हणून कुणी कलशाला शिवलंच नव्हतं. काकूंनी ठेवलेला नारळ तसाच होता. मुलगी परत गेली तेव्हा मी म्हटलं, ‘काका, तो नारळ बदलायचा राहिलाय. मी बदलू?’

‘हात लावू नकोस,’ काका एवढ्या जोराने म्हणाले की मी दोन पावलं मागे सरले. मग म्हणाले, ‘तिने ठेवलाय.’

काकांनी जन्मात कधी पूजा केली नव्हती. देव कुठल्या बाजूला तोंड करून बसलेत तेही त्यांना ठाऊक नसावं. पण रोज येता-जाता त्यांना कलशातलं पाणी कमी झालेलं दिसायचं, आणि पातळी खाली गेलेली बघून गप्प बसणं हे इंजिनियरच्या रक्तात नाही. ते भर घालायचे. भक्ती नाही, काही नाही, नुसती सवय. बॉयलरमध्ये पाणी घालावं तसं. नारळाचं बूड पाण्याला टेकलेलं, वर सिंगापूरची ती घामट हवा. दोन-अडीच महिन्यांनी शेंडीतून कोंब वर आला.

इथल्या मराठी मंडळातल्या बायका धावत आल्या. ‘अगंबाई! कलशाच्या नारळाला कोंब! फार शुभ असतं हो.’ मला असा संताप आला! घरातलं माणूस गेलंय आणि म्हणे शुभ. बायका गेल्यावर काकांनी मला हाक मारली. ‘नंदू, इकडे ये.’ नारळाकडे बोट दाखवलं. कुंकवाचा डाग होता, काकूंच्या अनामिकेचा, गोल. त्याच्या बरोबर वरून तो हिरवा पांढुरका कोंब निघाला होता.

‘बघितलंस?’ काका म्हणाले. बस, एवढंच. त्या दिवसापासून त्यांनी जहाज सोडलं.

शिरीषने समजावलं, की काका, माड हे घरात ठेवायचं झाड नाही, त्याला ऊन लागतं, जमीन लागते. ‘बघू,’ काका म्हणाले, आणि कामाला लागले. रुंद कुंडी आणली. अर्धी वाळू, अर्धी माती. नारळ त्यात पुरला, पण पूर्ण नाही. वरचा अर्धा भाग उघडा, डाग दिसेल असा. ‘सगळा गाडला तर कुजतो,’ मला म्हणाले. तळाला जादा भोकं पाडली. नळाचं पाणी थेट घालायचं नाही, बादलीत रात्रभर ठेवून मग. काका मूळचे गुहागरचे, तेव्हा महिन्याला चिमूटभर मीठ. रविवारी कुंडी पाव वळसा फिरवायची, म्हणजे झाड एकाच बाजूच्या उजेडाकडे कलत नाही. सकाळी झावळ्यांवर पाण्याचा फवारा, शनिवारी एकेक पान ओल्या फडक्याने पुसायचं, वरून आणि खालून, कारण कोळ्याची कीड धरते ती खालून. आणि एसी बंद. कायमचा. कोरडी हवा तिला सोसत नाही म्हणून. सिंगापुरात एसीशिवाय राहणारा चीफ इंजिनियर! आम्ही त्यांच्याकडे चहाला जायचो ते घाम पुसायचा रुमाल घेऊन.

‘तिला सोसत नाही.’ हे असंच म्हणायचे. मराठीत माड तो असतो. पण काकांना कोण दुरुस्त करणार?

सार्स आला तेव्हा सगळं सिंगापूर दिवसातून दोनदा तोंडात थर्मामीटर धरून बसलं होतं. काकांनी कुंडीतही एक खोचलेला. ‘काका, हिला ताप आला तर सरकारला कळवणार का?’ मी थट्टेने विचारलं. काकूंच्या जाण्यानंतर पहिल्यांदा ते हसले. म्हणाले, ‘तिला ताप आला की ती सांगायचीच नाही. मी पत्रातून वाचायचो, बरी झाल्यावर.’ आणि मग हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, आतून निघून गेल्यावरही. मला कुठून दुर्बुद्धी सुचली असं झालं.

पुढे डेंग्यूचे दिवस आले. कुणाच्या कुंडीखाली पाणी साठलंय का ते बघायला माणसं घरोघर फिरत होती. आमच्या मजल्यावर एक मलाय बाई आल्या, हातात टॉर्च. काकांच्या ताटलीत पाण्याचा थेंब नाही, बादलीवर जाळी ताणून बांधलेली. बाई खूश. मग टॉर्च वर नेला आणि थबकल्याच. ‘अंकल, धिस वन कोकोनट, ह? इनसाइड हाउस?’ काका म्हणाले, ‘येस.’ बाईंनी झावळीला हात लावला, आणि का कोण जाणे, लगेच काढून घेतला. ‘शी वॉन्ट्स सन, अंकल,’ हळूच म्हणाल्या आणि घाईने लिफ्टकडे गेल्या. त्याही ‘शी’ म्हणाल्या. त्यांना कुणी सांगितलं होतं?

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. हिशेबनीस आहे मी. पण त्या घरात काहीतरी होतं, हे मी आज कुणाला घाबरून नाकारणार नाही. खिडक्या बंद असताना झावळ्या हलायच्या. फार नाही, कुणी सोफ्यावरून उठून आत गेलं तर वाऱ्याने हलतील इतपत. काका वर बघायचेसुद्धा नाहीत. आमच्याशी बोलता बोलता फक्त पाय जवळ घ्यायचे, वाट करून दिल्यासारखे.

त्यांचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. चालत्या इंजिनाला कान लावता येत नाही, म्हणून जहाजावर स्क्रूड्रायव्हरचं पातं बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत काय चाललंय ते ऐकू येतं. ‘आवाज बदलला की समजावं,’ हे त्यांचं पालुपद. एकदा मी गेले तर दार उघडं, आणि काका गुडघ्यावर बसून माडाच्या बुंध्याला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकताहेत. मला लाजले नाहीत. मूठ माझ्यापुढे केली. ‘ऐक.’

मी कान लावला. ‘घरघर येतेय काहीतरी.’

‘तो गच्चीवरचा पाण्याचा पंप. तो सोडून ऐक.’

मी डोळे मिटून ऐकलं. ‘नाही हो काका. काहीच नाही.’

‘तुला कसं येईल? तू काही तिच्याबरोबर राहिलेली नाहीस.’ स्क्रूड्रायव्हर पुसून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘मी तरी कुठे राहिलो?’

ह्या माणसाचं दुःख काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. काकू गेल्या हे तर होतंच. पण जाताना ते नव्हते, जाताना त्यांनी बघितलं नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी त्या नीट गेल्याच नव्हत्या. आणि हे झाड जगलं तर काकू घरात होत्या. इतकं साधं होतं ते. म्हणूनच ते जगवायचं होतं, काही झालं तरी.

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी काका आठवडाभर हॉस्पिटलात होते तेव्हा किल्ली माझ्याकडे दिली. सूचना अशा, की जहाजाचा ताबा सोडताहेत. ‘बोट मातीत घाल, दुसऱ्या पेरापर्यंत. कोरडं लागलं तरच पाणी. खालून वाहेपर्यंत घाल, मग ताटली रिकामी कर. फवारा सकाळी. आणि आत जाताना बेल वाजवून जा.’

‘काका, घरात कोणी नाही. बेल कुणासाठी?’

त्यांनी किल्ली परत घ्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, ‘बरं, बरं. वाजवते.’

आणि वाजवली हो. ऑफिसला जायच्या आधी रोज, रिकाम्या घराची बेल. पहिल्या दिवशी हसू आलं. दुसऱ्या दिवशी नाही आलं. एका सकाळी बेल वाजवून मी उभी राहिले, ती उभीच. किल्ली हातात, आणि मी आपली वाट बघतेय. टॅनने समोरचं दार उघडलं. ‘अंकल नॉट इन, व्हॉट. यू वेटिंग फॉर हू?’

काकूंनी दार उघडायची वाट बघत होते मी! ‘जीव गेलाय नुसता चेहऱ्यावरचा’ असं त्यांनी म्हणायची. आत गेले, खिडक्या सगळ्या बंद होत्या, आणि झावळ्या हलत होत्या. मी म्हटलं, ‘काकू, पाणी घालते हं.’ झावळ्या थांबल्या. आता योगायोग म्हणा, काय हवं ते म्हणा. मी घाबरले. पाणी घातलं, ताटली रिकामी केली, आणि फवारा तिथेच टाकून पळाले. ऑफिसात दिवसभर माझे आकडे जुळले नाहीत.

माड मात्र वाढत होता. आणि घराला छप्पर असतं.

नवी झावळी मिटलेल्या छत्रीसारखी सरळ वर येते आणि मग उघडते. एक दिवस ती छताला टेकली. काकांनी कुंडीखालचा पाट काढला. थोडे महिने मिळाले. मग पुन्हा टेकली. त्यांनी कुंडी बदलून उथळ केली. मग खिडकीशी जादा ट्यूबलाइट लावल्या. एकदा तर टेप घेऊन बाराव्या मजल्यावर जाऊन त्या लोकांना विचारून आले की तुमची जमीन किती जाड आहे! शिरीष म्हणाला, ‘हा माणूस छताला भोक पाडणार.’ मी म्हटलं, ‘पाडू दे.’ पण टेकलेल्या झावळ्या वाकल्या, वाकलेल्या तपकिरी झाल्या, आणि नवी आली ती पिवळीच आली. वाळलेलं पान काका कात्रीने कापायचे आणि कचऱ्यात न टाकता स्वयंपाकघरात रचून ठेवायचे.

सेंबावांगच्या शिपयार्डातला त्यांचा जुना फोरमन हसन दर ईदला डबा घेऊन यायचा. त्याचं स्वतःचं छोटं घर होतं, मागे हातभर अंगण. त्या वर्षी तो डबा हातात घेऊन माडासमोर उभा राहिला, नारळाला चिकटलेली माती बोटाने बाजूला केली आणि वाजवून बघितलं. नारळ पोकळ वाजला.

‘चीफ,’ तो म्हणाला, ‘इनसाइड फिनिश ऑलरेडी. शी ईट एव्हरीथिंग. यू कीप हिअर, शी डाय. माय हाउस गॉट लँड. यू गिव्ह मी, शी लिव्ह.’

‘गेट आउट,’ काका म्हणाले.

तीस वर्षांचा मित्र! डबा टेबलावर ठेवून बिचारा मुकाट्याने गेला. मी काकांवर खूप चिडले. ‘काका, तो चांगलं सांगत होता. तुम्ही हट्टाने मारताय झाडाला.’ ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मी तिला घराबाहेर काढू? एकदा गेली तेव्हा मी नव्हतो. आता असून काढू?’ कपाळ! उठून घरी आले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले.

महिना गेला. मग एका शनिवारी सकाळी आमची बेल वाजली. काका दारात, दाढी केलेली, पांढरा स्वच्छ शर्ट.

‘शिरीषला विचार, उद्या मोकळा आहे का. हसनला मी फोन केलाय. तिला त्याच्या अंगणात नेऊ. टॅनला पण सांगितलं. चार माणसं लागतील.’

रविवारी आम्ही गेलो तर काकांची तयारी झाली होती. इथे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायला बांबू असतात. त्यातले दोन लांब बांबू त्यांनी जमिनीवर समांतर ठेवले होते आणि त्यांना दोरीने आडव्या काठ्या बांधल्या होत्या. गाठी अशा, की बोट शिरणार नाही. त्यावर माड आडवा. झावळ्या मोडू नयेत म्हणून कुंडीपासून शेंड्यापर्यंत लुगड्यासारखं काहीतरी गुंडाळलेलं. मी जवळ गेले. काकूंचं हिरवं इरकल होतं ते.

शिरीष टेप घेऊन लिफ्ट मोजून आला. ‘काका, तिरका केला तर लिफ्टमध्ये बसतो. अकरा मजले जिन्याने कशाला?’

‘लिफ्टने नाही,’ काका म्हणाले. ‘ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तिला लिफ्टने नेली. ओळखीचं कोणी नव्हतं बरोबर.’

चौघांनी बांबू खांद्यावर घेतले. पुढे काका आणि हसन, मागे शिरीष आणि टॅन. मी दाराशी थांबले, तर काका मान न वळवता म्हणाले, ‘नंदू, तू पण चल.’ मी चपला घालून मागे निघाले.

जिन्याच्या प्रत्येक वळणावर बांबू भिंतीला घासत होते. टॅन धापा टाकत होता. काकांच्या मानेवरच्या शिरा वर आल्या होत्या, पण ‘सावकाश’ म्हणत एकेक पायरी उतरत होते. आवाज खणखणीत, इंजिनरूममधला. माडाजवळ तो मी पहिल्यांदाच ऐकत होते. निम्म्यावर आलो तेव्हा काकांनी हात वर केला.

‘इथे खाली ठेवा. विसावा.’

शिरीषने चमकून माझ्याकडे बघितलं. स्मशानात जाताना निम्म्या वाटेवर तिरडी खाली ठेवतात आणि खांदेकरी जागा बदलतात, त्याला विसावा म्हणतात. टॅनला आणि हसनला कुठून ठाऊक असणार? त्यांनी आपलं ओझं म्हणून खाली ठेवलं आणि घाम पुसला.

त्या मजल्यावरच्या एका घराचं दार उघडं होतं. एक म्हातारी चिनी आजी बाहेर आली. तिने चार घामेजलेली माणसं बघितली, बांबू बघितले, त्यावरचं हिरव्या लुगड्यातलं लांबट काहीतरी बघितलं. आत वळून रेडिओ बंद केला. परत आली आणि काकांना विचारलं, ‘हू, आह? युअर हू?’

शिरीष घाईघाईने सांगायला पुढे झाला की नाही नाही, हे नुसतं झाड आहे. काकांनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं.

‘माय वाइफ,’ काका म्हणाले.

आजीने दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली. काका वाकले, आणि पहिल्यांदाच त्या माडाला नमस्कार केला. ‘आता पुढचे मागे, मागचे पुढे,’ म्हणाले, आणि हसनला घेऊन मागे आले. बांबू उचलला. उरलेला जिना ते माझ्या डोळ्यांसमोर, हमसून हमसून रडत उतरले. खांदा मात्र त्यांनी खालपर्यंत सोडला नाही.